ज्या दिवशी पाहिलं, त्या दिवशी लिही

पोरी,

तुझा मेसेज वाचला. छाया नोंदवहीत, म्हणजे उमेदवाराच्या प्रचारखर्चावर नजर ठेवून तू स्वतः लिहितेस त्या वहीत, सभेच्या खुर्च्या चार हजार, उमेदवाराच्या वहीत आठशे, आणि तुझे साहेब म्हणतात, सभा पक्षाची होती, जुळवून घे.

प्रामाणिक राहा वगैरे मी सांगणार नाही. तो गुण नसता तर तुझी झोप उडाली नसती. हिशेबाचं बोलू.

सभा पक्षाची की उमेदवाराची, हे साहेबांच्या तोंडावर ठरत नाही. स्टार प्रचारक हेलिकॉप्टरनं आला तर त्याचा प्रवास पक्षाचा, ही सवलत लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ७७ देतं. पण उमेदवार त्याच्याबरोबर व्यासपीठावर असेल, किंवा मागच्या फलकावर त्याचं नाव-फोटो असेल, तर मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक सगळं उमेदवाराच्या नावावर चढतं. तिघे उमेदवार असतील तर तिघांत सारखं वाटायचं. तू फलक पाहिलास का? मेसेजमध्ये खुर्च्या आहेत, साहेब आहेत, तुझी घालमेल आहे. फलकाबद्दल एक शब्द नाही! ते आधी बघ.

आणि खुर्च्या कशा मोजल्यास तेही लिहून ठेव. माणसं बसली की खुर्च्या दिसत नाहीत, म्हणून सभा भरायच्या आधी पोचायचं. एका रांगेतल्या मोजायच्या, रांगा मोजायच्या, मंचासमोरची सुरक्षेसाठी मोकळी ठेवलेली जागा (डी) आणि मधल्या वाटा सोडायच्या. कॅमेरावाल्याला गप्प राहू द्यायचं नाही. तारीख, गाव, गाड्यांचे नंबर, खुर्च्या, कमानी, सगळं त्यानं चित्रीकरणातच बोलायचं. मग दरपत्रकाप्रमाणे रक्कम काढायची आणि त्याच रात्री नोंदवहीत चढवायची. उद्या नाही. उद्या तुला कुणाचा तरी फोन येईल, आणि फोननंतर लिहिलेला आकडा तुझा राहत नाही. ज्या दिवशी पाहिलं, त्या दिवशी लिही.

तुझा दुसरा प्रश्न जास्त खरा आहे. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आणि पक्षाला काहीच नाही, मग आपण खुर्च्या कशाला मोजतो? हे भोक आपोआप पडलेलं नाही. दिल्लीच्या अमरनाथ चावलांच्या निवडणुकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर १९७४ मध्ये सांगितलं होतं की, उमेदवाराच्या माहितीनं आणि संमतीनं पक्षानं त्याच्यासाठी केलेला खर्च उमेदवाराचाच धरायचा. त्याच महिन्यात सरकारनं अध्यादेश काढून तो निकाल निष्प्रभ केला. पक्षाचा आणि मित्रांचा खर्च हिशेबाबाहेर गेला तो २००३ पर्यंत बाहेरच होता. त्या वर्षी भोक लहान केलं, पण बुजवलं नाही. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराला आजही मर्यादा नाही.

मुदती शेजारी-शेजारी मांडून बघ. निकालापासून उमेदवाराचा हिशेब ३० दिवसांत, निवडणूक याचिका ४५ दिवसांत, आणि विधानसभेला पक्षाचं खर्चाचं संपूर्ण विवरण ७५ दिवसांत. म्हणजे पक्षाचा कागद हातात येईपर्यंत न्यायालयाचं दार बंद झालेलं असतं. हे सगळं ठाऊक असूनही मी लिही म्हणतो, कारण भोक कायद्यात आहे. तुझ्या वहीत ते कशाला पाडतेस?

२०१३ मध्ये भाजपच्या गोपीनाथ मुंड्यांनी मुंबईतल्या जाहीर कार्यक्रमात सांगितलं, २००९ च्या लोकसभेला आठ कोटी लागले. मर्यादा होती २५ लाख. निवडणूक आयोगानं नोटीस काढली. पण हिशेबाच्या वेळी त्या मर्यादेच्या आतले कागद सादर झाले होते. दुसऱ्या बाजूचंही सांगतो, नाहीतर तू मला एका रंगाचा समजशील. २००९ च्याच विधानसभेला भोकरमधून, तेव्हा काँग्रेसमध्ये असलेल्या अशोक चव्हाणांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींचा खर्च दाखवला ५,३७९ रुपये. पेड न्यूजची, म्हणजे पैसे देऊन बातम्या छापून आणल्याची, तक्रार झाली. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं की, हिशेब नुसता वेळेत आला का एवढंच नव्हे, तो खरा आहे का हेही आयोग तपासू शकतो. मग आयोगाचा आदेश चव्हाणांच्या विरोधात गेला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो रद्द केला. पाच वर्षं! इतक्या वर्षांनी कुणाची आठवण चालत नाही, त्या दिवशीचा कागद चालतो. म्हणून त्या दिवशी लिही. कंटाळलीस ना ऐकून? मीही सांगून कंटाळलोय.

मला लोक विचारतात, इतकं कळत होतं तर नोकरीत असताना गप्प का बसलात. गप्प नव्हतो मी. एका निवडणुकीत माझ्या नोंदीऐवजी ‘सुधारित’ तक्ता टाइप होऊन सहीला आला. मी सही केली नाही. पुढच्या निवडणुकीला मला स्टेशनरी वाटपाला बसवलं. पेपरात गेलो असतो तर चार दिवस गाजलो असतो, आणि माझ्या जागी सही करणारा आला असता. माझी मूळ नोंद खोडली गेली नाही, तारखेसकट राहिली. तुला हे थोडं वाटेल. त्याच कायद्याच्या कलम १०अ खाली उमेदवाराला तीन वर्षं अपात्र करण्याइतकं पुढं जायचं असेल तर सुरुवात अशाच नोंदीपासून होते, हे मला भाषण देणाऱ्यांनी कधी समजून घेतलेलं नाही. त्या नोंदीचं पुढं काय झालं, हे मात्र मी विचारायला हवं होतं. ते राहिलंच.

तू विचार. निकालानंतर २६ व्या दिवशी दोन्ही वह्यांचे आकडे ताडून बघायची ताळमेळ बैठक असते. उमेदवाराचा माणूस तिथं म्हणेल, खुर्च्या गावकऱ्यांनी आपणहून आणल्या. म्हणू दे. त्याचं म्हणणं लेखी घे, तुझ्या आकड्याशेजारी लाव, आणि न पटणारा फरक जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या अहवालात गेला का ते विचार. ‘जुळवून घे’ हा आदेश असेल तर साहेबांना म्हणावं, नोंदवहीवर शेरा मारून द्या. बहुतेक साहेब तिथंच थांबतात.

आज रात्री चित्रीकरण पुन्हा लाव, फलक बघ, आणि पुरावा फोल्डरमध्ये त्या सभेच्या परवानगीची प्रत आहे का तपास. नसेल तर सकाळी एक खिडकी कक्षातून घे. फोन दहानंतर कर, त्याआधी मी बँकेत पेन्शनच्या रांगेत असेन.