कोडइग्नायटर ३ मध्ये मॉडेल लोड होत नसेल तर

कोडइग्नायटर हे पीएचपीचं फ्रेमवर्क; मॉडेल म्हणजे त्यातला डेटाबेसशी बोलणारा क्लास. तो लोड होत नसेल तर घाबरू नका, सुरुवातीला बहुतेकांचं अडतं ते नावापाशीच. फाईल ॲप्लिकेशनमधल्या मॉडेल्स फोल्डरमध्ये हवी. फाईलच्या आणि क्लासच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल, बाकी सगळी स्मॉल. विंडोजवर फाईलचं नाव पूर्ण स्मॉलमध्ये असलं तरी चालून जातं. तोच कोड लिनक्स सर्व्हरवर चढवला की मॉडेल सापडत नसल्याची एरर येते, कारण तिथे कॅपिटल आणि स्मॉल वेगळे धरले जातात. म्हणून घरच्या मशीनवर चालतंय यावर विसंबू नका.

लोड करताना जे नाव दिलं, त्याच स्पेलिंगने पुढे धिस-बाणानंतर ($this-> नंतर) मॉडेल वापरायचं. इथेही कॅपिटल-स्मॉल बदललं तर अनडिफाइन्ड प्रॉपर्टी अशी एरर येते.

आणखी तीन चुका:
- कंट्रोलरमध्ये (पानाची विनंती हाताळणाऱ्या क्लासमध्ये) कन्स्ट्रक्टर, म्हणजे सुरुवातीलाच चालणारं फंक्शन लिहिलात, पण त्यात पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर (parent::__construct()) बोलवायचा राहिला. मग $this->load हेच सापडत नाही.
- मॉडेल लोड झालं म्हणजे डेटाबेस जोडला गेला, असं धरलंत. तो आपोआप जोडला जात नाही. ऑटोलोड फाईलच्या (आपोआप लोड करायच्या गोष्टींच्या फाईलच्या) लायब्ररीज यादीत डेटाबेस टाका.
- कंट्रोलर आणि मॉडेल, दोन्ही क्लासना एकच नाव दिलंत. मॉडेलच्या नावाला शेवटी अंडरस्कोर मॉडेल (_model) जोडा.

मॉडेलमध्ये एको (echo, म्हणजे थेट पानावर छापणं) नको. क्वेरी चालवा, निकाल रिटर्न करा; दाखवायचं काम व्ह्यूचं, म्हणजे पानाच्या मांडणीच्या फाईलचं. ही शिस्त पहिल्या दिवसापासून पाळाच, नंतर कोड सोडवत बसणं फार जिकिरीचं होतं.

सगळी मॉडेल्स ऑटोलोडमध्ये टाकू नका. जॉइन (अनेक टेबलं जोडणं), ट्रान्झॅक्शन (अनेक क्वेरी एकगठ्ठा चालवणं) सध्या राहू द्या. आधी एका टेबलमधली यादी पानावर आणा.