गॅलिपोलीचा बिल्ला?

प्रश्न : टोपीवरचा पितळी बिल्ला विकत मिळतोय. सात फांद्यांची दिवटी, खाली हिब्रू अक्षरं. विकणारा म्हणतो, १९१५च्या गॅलिपोलीतला. घ्यावा का?

उत्तर : बिल्ला राहू दे, आधी ती गोष्ट बघा. गॅलिपोलीत, म्हणजे तुर्कस्तानातल्या पहिल्या महायुद्धाच्या त्या आघाडीवर, होती ती झायन म्यूल कोअर, ब्रिटिश सैन्यातली ज्यू स्वयंसेवकांची, खेचरांवरून रसद पोचवणारी तुकडी. मेनोरा, म्हणजे ती सात फांद्यांची दिवटी, आणि 'कादिमा', म्हणजे 'पुढे', हे चिन्ह रॉयल फ्युझिलिअर्स या ब्रिटिश पायदळ रेजिमेंटच्या ज्यू बटालियनचं. तिच्यात अमेरिका-कॅनडातून आलेले स्वयंसेवकही होते. आणि हे चिन्ह त्यांना मिळालं १९१९ मध्ये, महायुद्ध संपल्यावर! तेव्हा १९१५ विसरा.

आता बिल्ला पालथा करा. ठशाने दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या पाठीवर समोरच्या नक्षीचा खोलगट उलटा आकार दिसतो. ओतीव नकलेची पाठ बहुधा सपाट, दाणेदार, बारीक खड्ड्यांची. शिवाय ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून अस्सल नगावरून साचा काढलेली नक्कल किंचित लहान भरते.

मीही एकदा फसलोय. उंचवटे छान झिजलेले, पण फांद्यांमधल्या फटीत, जिथे ब्रश पोचत नाही, तिथेही पितळ लख्ख पिवळं; खरंच जुनं असतं तर तिथे काळवंडलेलं असतं. घरी आणल्यावर दिसलं, अर्थात. या बिल्ल्याच्या नकला भरपूर आहेत. पाठीचा स्पष्ट फोटो मिळेपर्यंत पैसे देऊ नका.