डीएनपी की पीएच.डी.? आधी प्रकल्प कुठे करणार ते ठरवा

ताई, भारतात बी.एस्सी. नर्सिंग, अमेरिकेत येऊन एमएसएन (नर्सिंगमधली मास्टर्स), चौदा वर्षांची नोकरी आणि त्यातली शेवटची पाच नर्स मॅनेजर म्हणून. आता नेतृत्वाची डीएनपी (डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, म्हणजे प्रत्यक्ष कामावर भर असलेली नर्सिंगची डॉक्टरेट) करावी की संशोधनाची पीएच.डी., आणि डीएनपी केली तर डायरेक्टर होता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी हीच डीएनपी नोकरी सांभाळून केली. तीन वर्षांचा हिशोब होता, साडेतीन लागली. का लागली ते पुढे सांगते.

पीएच.डी.चं आधी उरकते. २००२ साली नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन यांच्या गटाने पेनसिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांचा अभ्यास करून दाखवलं, की एका नर्सच्या वाट्याला एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेला पेशंट ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. असं काही शोधून काढायची ओढ असेल तर पीएच.डी. करा. तेच आकडे घेऊन बजेटच्या मीटिंगला बसायचं आणि आपल्या युनिटचं स्टाफिंग बदलून आणायचं, हे डीएनपीचं काम. तुमचा प्रश्न वाचून तुम्ही या दुसऱ्या प्रकारातल्या वाटता.

"पुढे डीएनपी सक्तीची होणार" हे तुम्ही ऐकलंय, ते मीही ऐकत आले आहे. नर्सिंग कॉलेजांच्या अमेरिकन संघटनेने २००४ मध्ये ठराव केला होता, की २०१५ पर्यंत प्रगत प्रॅक्टिसचं (स्वतः पेशंट तपासून उपचार ठरवणाऱ्या नर्सेसचं) शिक्षण डीएनपीच्या पातळीवर न्यावं. २०१५ आलं आणि गेलं, एमएसएनवर अशा नर्स, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर, अजूनही होतात. भूल देणाऱ्या नर्सेसचं मात्र खरंच बदललं, २०२२ पासून त्यांना डॉक्टरेटच्याच कोर्सला प्रवेश घ्यावा लागतो. आपल्या व्यवस्थापनाच्या बाजूला तशी सक्ती नाही. चांगल्या नर्सिंगसाठी मिळणारी मॅग्नेट मान्यता हवी असलेल्या हॉस्पिटललासुद्धा सीएनओकडे (मुख्य नर्सिंग अधिकाऱ्याकडे) किमान मास्टर्स असली की चालते. तेव्हा घाबरून प्रवेश घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट. सगळे आधी विद्यापीठ शोधतात, मीही तेच केलं. पण या पदवीचा जीव प्रकल्पात आहे, आणि प्रकल्प विद्यापीठात होत नाही, हॉस्पिटलमध्ये होतो. तिथे तुम्हाला दार कोण उघडून देणार, हे अर्ज भरण्याआधी ठरवा.

माझा विषय लघवीच्या कॅथेटरचा होता. ठरलेल्या निकषांत पेशंट बसला की नर्सनेच कॅथेटर काढायचा, डॉक्टरांच्या वेगळ्या ऑर्डरची वाट बघायची नाही. मी प्रस्तावात झोकात लिहिलं, की बारा आठवड्यांत कॅथेटरमुळे होणारे संसर्ग निम्म्यावर आणणार. गाइड बाईंनी एकच प्रश्न विचारला, "गेल्या वर्षभरात तुमच्या युनिटमध्ये असे संसर्ग किती झाले?" चार. म्हणजे बारा आठवड्यांत सरासरी एक. तो शून्यावर आला काय किंवा दोनावर गेला काय, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पंधरा वर्षं पेशंट सांभाळून मला हे दिसलं नव्हतं! मग मोजमाप बदललं. कॅथेटर किती दिवस आत राहतो आणि "अजून गरज आहे का" ही रोजची तपासणी किती पेशंटची होते, हे मोजलं. कॅथेटर आत राहिलेल्या प्रत्येक दिवसामागे लघवीत जंतू सापडण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्क्यांची असते, त्यामुळे दिवस कमी करणं हेच मोलाचं होतं.

प्रोटोकॉल सुरू झाल्यावर दिवसपाळीचे आकडे हलले, रात्रीचे ढिम्म. मी आणखी एक ट्रेनिंग ठेवलं. उपयोग शून्य. शेवटी एका रात्री स्वतः जाऊन बसले, तेव्हा तिथल्या सीनियर सिस्टर म्हणाल्या, "कागदावर काढा म्हणता, पण कॉम्प्युटर ऑर्डर मागतो. एका कॅथेटरसाठी रात्री तीनला डॉक्टरांना उठवून बोलणी कोण खाणार?" खरंच, प्रोटोकॉल ऑर्डर सेटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या तयार ऑर्डरींच्या यादीत, घातलाच नव्हता. तो घालून घ्यायला डॉक्टरांची समिती, फार्मसी, आयटी अशा तीन दारांवर चार महिने खेटे घातले. नेतृत्वाच्या पेपरात मला चांगले मार्क होते, पण नेतृत्व म्हणजे काय ते मी त्या चार महिन्यांत शिकले.

त्यातच परवानगी देणाऱ्या सीएनओ नोकरी सोडून गेल्या. त्यांचं "हो, करा की" तोंडीच होतं. नव्या साहेबांनी "कसला प्रकल्प?" म्हणून माहितीचा अॅक्सेस बंद केला. एक सेमिस्टर गेलं, त्याची फी पुन्हा भरली. तीनावरचं अर्धं वर्ष गेलं ते असं. म्हणून लेखी पत्र घ्या, त्यात माहिती कोणती, कुठपर्यंत आणि कोणाकडून मिळणार ते येऊ द्या, आणि वरच्या दोन माणसांच्या सह्या घ्या. हा गुणवत्ता सुधारणेचा प्रकल्प आहे, संशोधन नाही, असा निर्वाळा विद्यापीठ आणि हॉस्पिटल दोघांच्याही संशोधन तपासणाऱ्या समितीकडून लागू शकतो. त्याचे आठवडे वेळापत्रकात आधीच धरा.

बाकी विद्यापीठ निवडताना सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या संस्थांची मान्यता बघा, ती नसेल तर पुढे वाचूही नका. प्रत्यक्ष कामाचे तास किती लागतात ते विचारा. त्याच कॉलेज-संघटनेच्या जुन्या निकषांत बी.एस्सी.नंतरचे १००० तास होते, २०२१ च्या नव्या निकषांनी किमान आकडा ५०० वर आणला, पण पुष्कळ ठिकाणी अजून १०००च मागतात. तुमच्या एमएसएनचे किती तास धरणार, हे ईमेलवर लिहून घ्या. ऑनलाइन कोर्स असेल तर प्रकल्पाची जागा कोण शोधणार तेही विचारा, बहुतेक वेळा ते तुमच्याच गळ्यात असतं. मालकाने फी भरली तर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम करमुक्त असते, पण त्या बदल्यात किती वर्षं नोकरी सोडता येणार नाही ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

डायरेक्टर मी झाले, पण पदवीमुळे झाले असं म्हणवत नाही. मुलाखतीत डीएनपीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. विचारलं ते एवढंच, की पेशंटमागे नर्सिंगचे तास वाढलेत आणि बजेट तेवढंच आहे, तर तुम्ही काय कराल. उत्तर देता आलं ते फायनान्सच्या पेपरमुळे, कारण तो शिकवणारे गृहस्थ स्वतः हॉस्पिटलचे हिशोब सांभाळून आलेले होते. कोर्स निवडताना तो पेपर कोण शिकवतं ते जरूर बघा.

आणि नावापुढे "डॉक्टर" लावण्याबद्दल विचारलंत. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत पेशंटसमोर तसं लावण्यावर कायद्याची बंधनं आहेत, आपल्या राज्याचा नियम बघून घ्या. मी वॉर्डात नाव सांगते आणि नर्स आहे म्हणून सांगते.

आता तुम्ही एक करा. गेल्या वर्षभरात तुमच्या युनिटमध्ये तुम्हाला सगळ्यात जास्त छळलेली गोष्ट कोणती, आणि तिचे आकडे सध्या कोण ठेवतं, ते इथे लिहा. मग अर्ज कुठे करायचा ते बोलू.