शाळेतल्या जुन्या संगणकांसाठी स्वतःची लिनक्स आयएसओ कमांड न वापरता, ग्राफिकल टूलने बनवता येते का, की एक मशीन तयार करून सरळ क्लोन करावं?

तुमच्या प्रश्नातलं ते ‘की सरळ क्लोन करावं’ वाचलं आणि लिहायला बसले. हाच वाद आमच्या घरात २०१९ पासून चालू आहे.

आधी थेट उत्तर. हो, येते. (आयएसओ म्हणजे सिस्टिम इन्स्टॉल करायला लागणारं सगळं असलेली एकच फाइल, क्लोन म्हणजे तयार डिस्कची हुबेहूब नक्कल.) क्युबिक नावाचं टूल आहे, उबंटू आणि डेबियनवर आधारलेल्या सिस्टिमसाठी. मूळ आयएसओ द्यायची, तो ती उघडतो, तुम्ही हवे ते बदल करायचे आणि ‘पुढे, पुढे’ करत शेवटी नवीन आयएसओ हातात. शाळेसाठी याच्यापेक्षा सोपं काही माझ्या पाहण्यात नाही.

मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका वाचनालयाची अभ्यासिका सांभाळते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरचे सगळे संगणक पाण्याखाली गेले. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, आणि त्या वर्षी पाणी त्याच्याही कितीतरी वर चढलं होतं. पाणी ओसरल्यावर कॅबिनेट उघडली तर पॉवर सप्लायच्या जाळीतून गाळ गळत होता. ती मशीन भंगारातच गेली. मग ओळखीपाळखीतून लोकांनी वापरलेले संगणक पाठवले, पुण्यातून, इचलकरंजीतून. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. कुणात ८० जीबीची डिस्क, कुणात ५००. कुणात २ जीबी रॅम, कुणात ४. ब्रॉडबँडची लाइन बंद, आणि बाहेर पोरं थांबलेली. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी टायपिंगचा वेग मिनिटाला ३० शब्द लागतो, तो घरी बसून वहीवर येत नाही.

माझे दाजी राजारामपुरीत हार्डवेअरचं दुकान चालवतात. ते म्हणाले, “अगं, एक मशीन नीट तयार कर, डिस्क काढ, क्लोन मार, दुसऱ्यात घाल. कशाला एवढा उपद्व्याप?” दाजींचा हात या धंद्यात मुरलेला आहे, माझा त्यांच्यावर राग नाही. पण ५०० जीबीच्या डिस्कचा जसाच्या तसा क्लोन ८० जीबीच्या डिस्कवर बसत नाही. बसवायचा तर आधी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, आवळत बसा. शिवाय प्रत्येक मशीनचं नाव तेच, मशीन-आयडी, म्हणजे सिस्टिमचा ओळख क्रमांक, तोच. नेटवर्कवर कोणतं मशीन कोणतं, हे नंतर प्रत्येक ठिकाणी जाऊन दुरुस्त करत फिरायचं. आयएसओमध्ये ही कटकटच नाही. प्रत्येक मशीनवर इन्स्टॉलर नव्याने चालतो, समोरची डिस्क बघून पार्टिशन करतो, आयडी नवा तयार होतो. आणि डिस्कला हात लावण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं की आवाज येतोय, वायफाय पकडतंय.

मी झुबुंटू १८.०४, म्हणजे उबंटूचा हलका प्रकार, घेतलं आणि क्युबिकमध्ये उघडलं. आता एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण तुम्ही ‘कमांड न वापरता’ असं लिहिलंय. क्युबिक ग्राफिकल आहे, पण मधल्या पानावर तो तुमच्यापुढे टर्मिनलच, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, ठेवतो. तिथे तुम्ही त्या नव्या सिस्टिमच्या आत रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेलं खातं, म्हणून बसलेले असता. पॅकेज घालायची-काढायची ती तिथेच, ॲप्ट (apt) या कमांडने. आपल्या फाइल खिडकीत ओढून टाकल्या की आत कॉपी होतात. चार-पाच कमांड शिकायला लागतील, त्यांना घाबरणाऱ्याने शाळेची लॅब अंगावर घेऊ नये. त्यापुढच्या पानावर सगळ्या पॅकेजची यादी येते, प्रत्येकापुढे चौकोन. खूण केली की ते पॅकेज लाइव्ह चालवताना असतं, पण डिस्कवर इन्स्टॉल झाल्यावर काढलं जातं.

लोक अडकतात ते सेटिंगमध्ये. आत डेस्कटॉप दिसत नाही, त्यामुळे वॉलपेपर किंवा कीबोर्ड माऊसने बदलता येत नाही. आणि रूटच्या होममध्ये बदल केले तर ते विद्यार्थ्याच्या खात्यात जात नाहीत. माझी पद्धत अशी: एका मशीनवर साधं इन्स्टॉल करायचं, आयबस या टायपिंगच्या टूलमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, पॅनेल, लिब्रे ऑफिस, सगळं माऊसने मनासारखं लावायचं. मग त्या खात्याच्या होममधलं लपलेलं ‘कॉन्फिग’ (.config) फोल्डर उचलून क्युबिकच्या आत, ‘इटीसी’मधल्या ‘स्केल’ (/etc/skel) फोल्डरमध्ये टाकायचं. नवीन खातं तयार होताना स्केलमधलं सगळं त्यात कॉपी होतं. त्यात ब्राउझरचं फोल्डर चुकूनही टाकू नका, तुमचे पासवर्ड सगळ्या लॅबभर पसरतील.

पहिल्या मशीनवर इन्स्टॉल संपलं, एका मुलीने लॉगिन केलं आणि काही न विचारता ‘दुसऱ्या’ हा शब्द टाइप केला. ऱ्य नीट उमटला. इंटरनेट नव्हतंच, आणि त्याची गरजही पडली नाही. दाजी शेजारी उभे होते. म्हणाले, “हे क्लोननेपण झालं असतं.”

नसतं झालं, आणि ते २०२१ मध्ये कळलं. जुलैत पुन्हा पूर आला. या वेळी संगणक आधीच वर हलवले होते, पण झुबुंटू १८.०४ चा सपोर्ट त्याच एप्रिलमध्ये संपला होता. सगळं नव्याने करायचं होतं. माझ्याकडे क्युबिकचं प्रोजेक्ट फोल्डर होतं, काय घातलं काय काढलं याची वही होती. २०.०४ ची आयएसओ घेतली, तीच यादी पुन्हा चालवली. क्लोन असता तर आत कोण काय करून गेलंय ते कुणाला सांगता आलं असतं? माझ्यानंतर अभ्यासिका जो बघेल त्यालाही ते फोल्डर उघडून पुढे नेता येईल. दाजींनी याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

तुम्ही आज सुरुवात करताय तर मूळ म्हणून लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. उबंटूमध्ये २२.०४ पासून फायरफॉक्स फक्त स्नॅप या वेगळ्या प्रकारच्या पॅकेजमध्ये येतो, आणि क्युबिकच्या आत स्नॅपची सेवा चालत नसल्याने तिथे फार डोकेदुखी होते. मिंटमध्ये तो साध्या पॅकेजसारखा येतो. प्रोजेक्ट फोल्डर एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या) डिस्कवर ठेवू नका, फाइलच्या परवानग्या बिघडतात, लिनक्सच्या एक्सटी४ वरच ठेवा. आयएसओच्या आतली मुख्य स्क्वॉशएफएस फाइल, म्हणजे दाबून बसवलेली सगळी सिस्टिम, ४ जीबीच्या खाली ठेवा, नाहीतर फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ती कॉपीच होणार नाही. एक्सझेड कॉम्प्रेशनने आकार उतरतो, वेळ मात्र जास्त लागतो. आयएसओ तयार झाली की क्युबिकमध्येच चाचणीचं बटण आहे, तिथे चालवून बघितल्याशिवाय पेनड्राइव्ह करू नका.

विंडोजसाठी एनटीलाइट नावाचं टूल असंच काम करतं, पण विंडोजचं लायसन्स वेगळं लागतंच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, जुन्या मशीनमध्ये ते नसतं. अनोळखी माणसाने बनवलेली ‘लाइट’ विंडोज मुलांच्या संगणकावर अजिबात घालू नका, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी. आत काय घातलंय ते त्यालाही माहीत नसतं.

आणि हो, तुमची सगळी मशीन एकाच मॉडेलची, एकाच डिस्कची असतील, तर क्लोनझिला हे क्लोन करायचं टूल वापरा. त्याच्या सर्व्हरवरून नेटवर्कने एकदम सगळ्यांवर इमेज सोडता येते, तिथे क्लोन खरोखर लवकर होतो. फक्त नाव आणि मशीन-आयडी नंतर बदला. मशीनमध्ये रॅम किती आहे ते खाली लिहा. २ जीबी असेल तर ब्राउझरचं काय करायचं ते वेगळं सांगते.