१२ व्होल्टच्या रिलेला कोणता डायोड लावावा? १एन४००७ चालेल का?

तुम्ही लिहिलंय की पाण्याच्या टाकीच्या मोटारीसाठी बीसी५४७ ट्रांझिस्टरवर १२ व्होल्टचा रिले (कॉइलच्या चुंबकाने चालणारा स्विच) चालवताय, ट्रांझिस्टर पुन्हा पुन्हा उडतोय, दुकानदाराने १एन४००७ हातात ठेवला आणि मित्र म्हणतो की तो स्लो आहे, फास्ट डायोडच हवा. दुकानदाराचं ऐका. १एन४००७ लावा आणि निर्धास्त राहा.

मित्राचं म्हणणं खोटं नाही, पण इथे गैरलागू आहे. १एन४००७ स्लो आहे तो बंद होताना. म्हणजे त्यातून करंट वाहत असतानाच कोणी उलटा व्होल्टेज दिला, तर त्याला सावरायला काही मायक्रोसेकंद लागतात. चालू मात्र तो झटकन होतो, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय: ट्रांझिस्टर बंद झाला की कॉइलच्या करंटला लगेच वाट मिळाली पाहिजे, नाहीतर कॉइलचा झटका ट्रांझिस्टरवर बसतो. रिले काही एका सेकंदात हजारो वेळा चालू-बंद होत नाही. पीडब्ल्यूएमवर, म्हणजे करंट वेगाने चालू-बंद करत, डीसी मोटार किंवा सोलेनॉइड चालवत असता, तर मीही यूएफ४००७ किंवा १एन५८१९ सारखा फास्ट डायोड घ्या म्हणालो असतो.

आता रेटिंग. तुमचा तो छोटा निळा रिले असेल, तर कॉइलवर मल्टीमीटर लावून बघा, ४०० ओहमच्या आसपास दाखवेल. १२ भागिले ४००, म्हणजे ३० मिलिअँपिअर. ट्रांझिस्टर बंद होताना डायोडमधून सुरुवातीला एवढाच करंट जातो आणि मग उतरत जातो. त्याहून जास्त जाऊच शकत नाही. ३० मिलिअँपिअरला १ अँपिअरचा डायोड म्हणजे चैनच. १एन४१४८ सुद्धा आरामात पुरतो.

व्होल्टेजच्या बाबतीत बहुतेकांचा गोंधळ होतो. कॉइल शंभर-दोनशे व्होल्टचा झटका देते, म्हणून डायोड हजार व्होल्टचा हवा असं वाटतं. पण डायोड असताना तो झटका तयारच होत नाही. कॉइलची ट्रांझिस्टरकडची बाजू १२ व्होल्टच्या वर जाऊ लागली की डायोड चालू होतो आणि कलेक्टर (ट्रांझिस्टरचा कॉइलला जोडलेला पाय) १२.७ व्होल्टच्या वर जात नाही. एरवी डायोडवर उलटे फक्त १२ व्होल्ट असतात. ५० व्होल्टचा १एन४००१ सुद्धा पुरेल, पण दोघांच्या किमतीत फरक नसतो, म्हणून मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार लॅमिंग्टन रोड असो की गावातलं दुकान, मिळतो ४००७ च.

जोडताना चंदेरी पट्टी प्लसकडे, दुसरी बाजू कलेक्टरला. उलटा लागला तर ट्रांझिस्टर चालू होताक्षणी १२ व्होल्ट डायोडमधून सरळ त्याच्यावर शॉर्ट होतात, म्हणजे डायोड असूनही बीसी५४७ जातो. तुमच्याकडे हेच होत नाहीये ना, ते आधी तपासा. आणि डायोड कॉइलच्या पायांना चिकटून लावा, वायरने लांब नेऊ नका.

साध्या डायोडचा एक तोटा खरा आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. करंट हळूहळू उतरतो, त्यामुळे रिले काही मिलिसेकंद उशिरा आणि ढिलेपणाने सुटतो. काँटॅक्ट सावकाश उघडले की मोटारीच्या लोडवर ठिणगी रेंगाळते आणि काँटॅक्ट लवकर खराब होतात, कधी चिकटूनही बसतात. त्रास होत असेल तर डायोडच्या सिरीजमध्ये २४ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलटाही वाहू देणारा डायोड) टाका, दोघांच्या पट्ट्या एकमेकींकडे करून. करंट लवकर मरतो. मात्र आता कलेक्टरवर १२ अधिक २४ अधिक ०.७, म्हणजे जवळपास ३७ व्होल्ट येतात. बीसी५४७ ४५ व्होल्टचा आहे, तो सोसेल. दुकानदाराने ‘सेमच आहे’ म्हणून बीसी५४८ दिला तर तो ३० व्होल्टचा, तो जाईल.

पण १ एचपीची मोटार असेल, तर ती या रिलेवर थेट घेऊच नका. वर १० अँपिअर छापलेलं असलं तरी मोटार सुरू होताना त्याच्या कितीतरी वर ओढते. रिलेने काँटॅक्टर (मोठ्या करंटसाठीचा दणकट रिले) चालवा आणि काँटॅक्टरने मोटार. त्या काँटॅक्टरची कॉइल २३० व्होल्ट एसीची असेल, तिला मात्र चुकूनही डायोड लावू नका. एसीच्या अर्ध्या सायकलला तो सरळ शॉर्ट होतो. तिथे १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा आरसी स्नबर, म्हणजे झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी लावतात, आणि त्यातला कपॅसिटर २७५ व्होल्ट एसीचा, मेन्सवर लावायच्या एक्स२ प्रकारचाच घ्या.