चार वर्षांच्या लेकराला 'डायनासोर ट्रेन' ही इंग्रजी कार्टून मालिका दाखवावी का?

तुम्ही विचारलंय की लेकराला इंग्रजी कळत नाही, मग नुसती चित्रं बघून उपयोग काय, आणि डायनासोर बघून ते भिणार तर नाही ना. आमच्या परभणीच्या घरात ही मालिका वर्षभर चालली. लेक तेव्हा चार वर्षांची होती.

भीतीचं आधी सांगतो. यात ओरबाडणं, रक्त असलं काही नाही. टेरानोडॉन या उडणाऱ्या प्राण्याच्या घरट्यात चुकून टी-रेक्स या मांसाहारी डायनासोरचं अंडं येतं, त्यातून बडी नावाचं पिल्लू निघतं आणि टायनी, शायनी, डॉन या भावंडांत वाढतं. आईबाप उडणारे, मासे खाणारे; हा जमिनीवरचा, दातवाला. 'मग मी कोण?' हे शोधायला सगळे रेल्वेत बसतात. रेल्वे बोगद्यातून ट्रायासिक, जुरासिक, क्रिटेशियस अशा डायनासोरांच्या काळांत जाते. तिकिटं तपासणारा ट्रूडॉन नावाचा डायनासोर आहे. आमची लेक त्याला 'टीसी काका' म्हणायची. जंक्शनच्या गावात वाढलेल्या पोरीला ते आपोआप सुचलं.

2009 साली अमेरिकेत पीबीएस किड्स या मुलांच्या वाहिनीवर ही मालिका सुरू झाली. एका भागात दोन छोट्या गोष्टी असतात, आणि अधूनमधून स्कॉट सॅम्पसन हे खरे जीवाश्म-अभ्यासक येऊन खरी माहिती सांगतात. आम्ही रोज एकच गोष्ट लावायचो, म्हणजे दहा-बारा मिनिटं. पाच वर्षांखालच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते.

भाषेचं मात्र तुमच्यावर आहे. मोबाइल हातात देऊन स्वयंपाकाला गेलात तर लेकरू फक्त रंग बघेल. शेजारी बसा, थांबवत थांबवत आपल्या बोलीत सांगा. बडी वरचेवर म्हणतो, 'आय हॅव अ हायपॉथिसिस'. मी त्याचं 'माझा एक अंदाज हाय' केलं. सगळ्या मालिकेतलं हे एवढं वाक्य लेकराच्या तोंडी बसलं तरी पैसे वसूल. आधी अंदाज करायचा, मग तो खरा का खोटा ते बघायचं. डायनासोरची नावं विसरली तरी चालतील.

एक खोट सांगून ठेवतो. टेरानोडॉन हा डायनासोर नव्हेच, तो उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांतला. शिवाय तो आणि टी-रेक्स यांच्यात दीड कोटीहून जास्त वर्षांचं अंतर आहे, घरट्यात गाठ पडायची शक्यताच नाही. पण गोष्टीला एवढी सूट द्यावी लागते.

मग लेकीनं विचारलं, आपल्या शेतात डायनासोर होते का? इथं मलाच वाचावं लागलं. आपला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरला, आणि डायनासोर संपले तेही त्याच सुमारास. लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत, ती सापडतात त्याच्या खालच्या किंवा दोन थरांमधल्या गाळात. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला अशीच हाडं निघालीत, आणि दगड झालेली विष्ठासुद्धा! त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अंश सापडले, तेव्हा कळलं की डायनासोरांच्या काळातही गवत होतं. पोरीला हे ऐकून इतकं हसू आलं की दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता.

गावाकडं गेलो तेव्हा तिला विहिरीच्या दगडमुरमाच्या ढिगात पांढरीशुभ्र गोल गारगोटी सापडली. 'पप्पा, माझा एक अंदाज हाय. हे अंडं हाय.' मी नाही म्हणणार होतो, पण आबा म्हणाले, बघू की. आमची एक कोंबडी खुडूक बसलेली होती, तिच्याखाली गारगोटी ठेवली. आबा रोज फोनवर दिवस मोजून सांगायचे. एकविसाव्या दिवशी कोंबडीची पिल्लं निघाली, गारगोटी तशीच.

लेक जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'डायनासोरला एकवीस दिवस पुरत नसतील.'