हॉस्पिसमध्ये दाखल करणं म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणं का?

अजिबात नाही. हॉस्पिस म्हणजे बरा न होणाऱ्या आजाराच्या शेवटच्या टप्प्यात रुग्णाची काळजी घेणारी सेवा. डॉक्टरांनी हॉस्पिस सुचवलं म्हणजे त्यांनी हात टेकले, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण तिथेही उपचार चालूच असतात. आजार बरा करण्याची धडपड थांबते आणि वेदना, धाप, मळमळ, बेचैनी आटोक्यात ठेवण्यावर सगळा भर येतो. शक्य असेल तिथे ही सेवा घरीही मिळते.

ब्रिटिश डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. रुग्ण कळवळेपर्यंत थांबू नका, दुखणं डोकं वर काढायच्या आधीच ठरल्या वेळी औषध द्या, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी दिल्या जाणाऱ्या मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाचं नाव ऐकून घाबरू नका. देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलं तर त्याने मरण लवकर ओढवत नाही. बद्धकोष्ठता मात्र बहुतेकांना होते; पोट साफ होण्याचं औषध सोबतच मागून घ्या.

घरच्यांना सगळ्यात जास्त छळतो तो जेवणाचा प्रश्न. शेवटच्या दिवसांत भूक मरते, हा आजाराचाच भाग आहे. कृपा करून जबरदस्तीने भरवू नका, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. ओल्या स्पंजने तोंड पुसा, ओठांना मलम लावा. माणसाला त्यानेच खूप बरं वाटतं.

तुमचं जागरण, रडू, अपराधी वाटणं हेसुद्धा तिथल्या नर्स आणि समुपदेशकांशी बोला. ते त्यांचं कामच आहे, आणि बऱ्याच ठिकाणी मृत्यूनंतरही कुटुंबाला आधार दिला जातो. फक्त शेवटच्या दोन दिवसांपर्यंत थांबू नका, आजच चौकशी करा.